तबकडी टिकेना, म्हणून टेप

डीजे म्हटलं की दोन तबकड्या आणि त्यांवर फिरणारी बोटं डोळ्यांपुढे येतात. ती रीत न्यूयॉर्क-लंडनच्या क्लबांतली. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर तिचं जमलं नाही. उन्हात व्हिनाइल वाकतं, खाचांत वाळू जाते, आणि तबकड्यांचा जड पेटारा विमानातून आणायचा तरी कुणी? इथला डीजे टेपकडे वळला आणि त्यामुळे संगीताची ठेवणच बदलली.

सत्तरच्या दशकात इथे हिप्पी जमत, ते रॉक ऐकायला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लॉराँ, फ्रेड डिस्को अशा डीजेंनी इलेक्ट्रॉनिक संगीत आणलं. गाण्यातले शब्द गाळायचे, नुसता ठेका राहिलेले तुकडे जोडायचे आणि कॅसेट तयार करायची, हा त्यांचा उद्योग. कॅलिफोर्नियातून आलेला गिल्बर्ट लेव्ही, म्हणजेच गोवा गिल, रात्री सुरू केलेलं संगीत दुसऱ्या दिवसापर्यंत चालवी.

1987 मध्ये सोनीची डॅट टेप आली. पत्त्यांच्या कॅटपेक्षा लहान, पण आत दोन तास डिजिटल आवाज. खिशात मावणारी ही वस्तू गोव्याला फारच मानवली. लंडनच्या स्टुडिओत नुकताच झालेला ट्रॅक डॅटवरून डॅटवर उतरत हातोहात फिरे. दुकानात यायच्या कितीतरी आधी तो वागातोरच्या डिस्को व्हॅलीत वाजलेला असे.

अडचण एकच, पण मोठी. बरोबर नेता येणाऱ्या डॅट यंत्रांवर टेपची गती कमी-जास्त करता येत नसे, त्यामुळे दोन ट्रॅकचे ठेके जुळवणं अवघड. मग एक ट्रॅक संपताना ठेका थांबायचा, नुसते स्वर रेंगाळायचे, त्यांतच दुसऱ्याचे स्वर मिसळायचे आणि ठेका नव्याने उभा राहायचा. रचनाकारही ट्रॅकच्या दोन्ही टोकांना ठेक्याविना जागा सोडू लागले. गोवा ट्रान्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संगीताचा तो लांबलचक, कथेसारखा उलगडणारा घाट घडण्यात या यंत्राच्या उणिवेचा मोठा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

किनाऱ्यावर नाचायला जमणाऱ्या गर्दीला तिकीट नव्हतं. कडेला गावातल्या बाया चटया अंथरून, रॉकेलचे दिवे लावून चहा विकत. दमलेला नाचणारा तिथेच टेकायचा, ग्लास संपवून पुन्हा उठायचा. गोव्याच्या संगीताचा इतिहास लिहिताना या चहावाल्यांना बाजूला ठेवता येणार नाही. रात्रभर ती गर्दी धरून ठेवण्यात त्यांचेही कष्ट होते.

डिसेंबर 1994 मध्ये ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डचा ‘गोवा मिक्स’ बीबीसी रेडिओ वनवर वाजला आणि किनाऱ्यावरचा हा आवाज ब्रिटनभर घरोघरी पोचला. इकडे 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, देशातल्या पर्यटकांना गोवा जवळ आला. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री 10 नंतर बंद करायला लावले; झोपू पाहणाऱ्या गावाचा हक्कच होता तो. 2007 मध्ये कांदोळीला सनबर्न हा संगीत महोत्सव भरला. मोठं स्टेज, तिकीट, मंचाकडे तोंड केलेले आणि मोबाइल उंचावलेले हजारो लोक: नाचणाऱ्यांचे प्रेक्षक झाले. मला हा बदल खुपतो, कारण पूर्वी डीजे कोपऱ्यात असे आणि नाच मधोमध.

डॅट यंत्रांचं उत्पादन सोनीने 2005 मध्ये थांबवलं. आता ट्रॅक पेन ड्राइव्हवर असतात, ठेके यंत्र स्वतःच जुळवतं. तरी ट्रान्सचे कितीतरी रचनाकार आजही सुरुवातीला ठेक्याविना जागा सोडतात.