मधुमेहाचें माप

वऱ्हाडच्या माणसाला मापाचें महत्त्व सांगावयास नको. कापसाच्या व्यापारानें त्याला तें फार पूर्वींच शिकविलें आहे. कारंजा येथें 1886 सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. दलाल आणि मापारी यांना त्यामुळें परवाने घ्यावे लागले. कारण उघड होतें. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट एका तराजूवर चढत, आणि तराजू ज्याच्या हातीं त्याच्याच हातीं त्या कष्टांचें मोल असे. शिवाय एका गांवचा शेर दुसऱ्या गांवच्या शेराशीं जुळेलच असें नव्हतें. त्यामुळें ‘दहा शेर’ असें कोणी म्हटलें कीं ‘कोठल्या शेरानें?’ हें आधीं विचारावें लागे.

श्रोतेहो, आज मी ज्या मापाविषयीं बोलणार आहें तें बाजारांतलें नसून शरीरांतलें आहे. मधुमेहाच्या ज्या रोग्याला इन्शुलिन घ्यावें लागतें, त्याला तें रोज किती घ्यावें हें ठरवावें लागतें आणि त्यासाठीं रक्तांतील साखर मोजावी लागते. हा तराजू प्रथम वैद्याच्या घरीं होता. पुढें तो प्रयोगशाळेंत गेला. मग रोग्याच्या हातांत आला. आणि आतां त्याच्या खिशांतील फोनमध्यें जाऊन बसला आहे. या प्रवासाची हकीकत सांगतांना मला एकच गोष्ट आपणांसमोर ठेवावयाची आहे. तराजू हातीं आला म्हणजे मापाऱ्याची जबाबदारीही हातीं येते.

आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांना हा रोग चांगला परिचित होता. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें त्या वैद्यांनीं पाहिलें होतें. मुंगी हेंच त्यांचें मोजण्याचें साधन! सुश्रुतानें तर प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले. एक जन्माबरोबर येणारा आणि दुसरा खाण्यापिण्याच्या चुकीनें जडणारा. मात्र मुंगी साखर आहे इतकेंच सांगे. किती आहे हें तिला सांगतां येत नसे. इंग्लंडांत मॅथ्यू डॉब्सन यानें 1776 सालीं, ही साखर मूत्राप्रमाणें रक्तांतही असते असें दाखवून दिलें. 1889 सालीं जर्मनींत मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्याला मधुमेह झाला. रोगाचें मूळ सांपडलें, पण औषध सांपडावयास आणखी तीस वर्षें लागलीं. तोंवर मुलांना हा रोग झाला कीं त्यांना जवळ जवळ उपाशी ठेवून कांहीं महिने जगविणें, एवढाच उपाय डॉक्टरांच्या हातीं होता.

कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं 1921 सालीं स्वादुपिंडाचा अर्क काढला. 11 जानेवारी 1922 रोजीं लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलें इंजेक्शन दिलें गेलें. तो अर्क अशुद्ध असल्यामुळें फारसा गुण आला नाहीं. कॉलिप यानें तो शुद्ध केला आणि 23 तारखेपासून पुन्हा इंजेक्शनें सुरू झालीं. या वेळीं साखर खालीं आली आणि मुलगा वांचला. 1923 चें नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांना मिळालें.

परंतु औषध हातीं येतांच नवी अडचण उभी राहिली. इन्शुलिन कमी पडलें तर साखर चढते. अधिक झालें तर ती इतकी उतरते कीं रोग्याला घाम फुटतो, हातपाय कांपतात, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणही जातो. इतर औषधांप्रमाणें ‘सकाळीं एक, संध्याकाळीं एक’ असा हिशेब येथें चालत नाहीं. म्हणून इन्शुलिनचें स्वतंत्र माप ठरवावें लागलें. उपाशी सशाच्या रक्तांतील साखर त्यानें किती उतरते, यावरून ‘युनिट’ हें एकक प्रथम बांधलें गेलें.

औषधाचें माप झालें. रोगाच्या मापाचें काय? घरीं करतां येण्याजोगी परीक्षा एकच होती, बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची. त्यांत मूत्राचे थेंब टाकून तें उकळावयाचें. निळा रंग राहिला तर साखर नाहीं. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा तो बदलत गेला तर साखर वाढती. पुष्कळ वर्षें मधुमेह्यांच्या घरीं स्पिरिटचा दिवा आणि कांचेची नळी असे. पण या परीक्षेंत दोन मोठीं वैगुण्यें होतीं. रक्तांतील साखर सुमारें 180 च्या वर गेल्याशिवाय ती सहसा मूत्रांत उतरत नाहीं. आणि ती धोकादायक रीतीनें खालीं गेली तर हें द्रावण निळेंच राहतें. ज्या संकटांत तासाभरांत प्राणावर बेततें, त्याविषयीं ही परीक्षा मुकी होती.

1960 नंतरच्या दशकांत रक्ताच्या थेंबानें रंग बदलणारी पट्टी निघाली आणि 1970 च्या सुमारास तो रंग वाचणारा मीटर अमेरिकेंत आला. तो वजनानें जड, किमतीनें भारी, आणि केवळ डॉक्टर व रुग्णालयें यांच्यासाठीं होता. रिचर्ड बर्नस्टाइन नांवाच्या एका मधुमेही एंजिनीयरानें डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नांवावर तो मिळविला, दिवसांतून अनेक वेळां आपली साखर मोजली आणि तीवरून आपल्या इन्शुलिनचा हिशेब स्वतः बसविला. रोग्यानें स्वतः मोजावें ही कल्पना पुष्कळ डॉक्टरांना तेव्हां पटली नाहीं. पुढें अमेरिका व कॅनडा येथील 1441 रोग्यांवर झालेल्या मोठ्या परीक्षणाचा निकाल 1993 सालीं लागला. वारंवार मोजून आणि त्याप्रमाणें इन्शुलिन घेऊन ज्यांनीं साखर आटोक्यांत ठेविली, त्यांच्या डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनीं कमी झाला. पण त्याच निकालांत दुसराही आकडा होता. साखर एकाएकीं फार उतरण्याचे प्रसंग त्यांच्यांत जवळ जवळ तिप्पट झाले होते. लाभ आणि धोका दोन्ही एकाच मापांतून आले, हें विसरतां कामा नये.

त्यानंतरची गति आपण पाहतोंच आहों. कातडीखालीं केसासारखी तार ठेवून सतत साखर वाचणाऱ्या यंत्राला 1999 सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. त्याचे आंकडे प्रथम डॉक्टरच मागाहून पाहत. 2014 सालीं यूरोपांत दंडावर चिकटविण्याचा, चौदा दिवस टिकणारा सेन्सर आला. आज असे सेन्सर फोनवर साखरेचा आलेख काढतात, आणि कांहीं ॲप इन्शुलिन किती घ्यावें हेंही सांगतात. 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीनें देशांतील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर सांगितली आहे. या सर्वांना इन्शुलिन लागतें असें नाहीं. पण ज्यांना लागतें त्यांच्या घरीं हा फोन आज ना उद्यां येणारच. तो अमरावती-अकोल्याच्या घरांत कसा वागतो, हें आतां पाहूं.

पहिली गोष्ट बोटाची. वरूड-मोर्शीच्या बागांतलें संत्रें सोलून कोणी तसेंच बोट टोंचलें, तर मीटर रक्ताबरोबर सालीवरचा रसही मोजतो. जपानी संशोधकांनीं 2011 सालीं संत्रें, द्राक्षें व किवी सोलावयास देऊन हें तपासलें. न धुतलेल्या बोटाचा आंकडा खोटा आणि चढा आला. स्पिरिटच्या बोळ्यानें पुसूनही तो पुरता सुधारला नाहीं. साध्या पाण्यानें हात धुतल्यावर मात्र बरोबर आला. त्या खोट्या आंकड्यावर कोणी इन्शुलिन घेतलें तर काय होईल, हें सांगावयास नको.

दुसरी गोष्ट ताटाची. ॲप पावाचे तुकडे मोजण्यांत तरबेज असतें; आपली भाकरी केवढी थापली हें त्याला ठाऊक नसतें. 100 ग्राम ज्वारीच्या पिठांत सुमारें 70 ग्राम पिष्टमय पदार्थ असतो. एका घरची भाकरी 40 ग्राम पिठाची, तर दुसऱ्या घरची 80 ग्रामांची. रोडग्यांच्या जेवणाचा हिशेब तर परदेशीं बसलेल्या यंत्रकारानें कोठून करावा? तेव्हां एकदां तरी घरांतल्या पिठाचें वजन घरांतल्याच कांट्यावर केलें पाहिजे.

तिसरी गोष्ट उन्हाची. वैशाखांत अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो. बहुतेक मीटर सुमारें 40 अंशांपर्यंतच भरंवशानें चालतात. इन्शुलिनची चालू बाटलीही साधारणतः 25 ते 30 अंशांच्या खालीं ठेवावी असें तिच्यावर लिहिलेलें असतें. ज्या घरीं फ्रिज नाहीं त्यानें काय करावें? याचें उत्तर विदर्भानेंच दिलें आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनीं 1995 सालीं गरीब घरांतील मधुमेही मुलांना मोफत इन्शुलिन मिळावें म्हणून ‘ड्रीम ट्रस्ट’ स्थापन केला. फ्रिज नसलेल्या या घरांसाठीं त्यांनीं मातीच्या भांड्याची योजना केली आणि 2006 सालीं ती ‘ड्रीम फ्रिज’ या नांवानें आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या नियतकालिकांत मांडली. माठांतलें पाणी ज्या नियमानें थंड होतें तोच नियम येथें आहे. झिरपलेलें पाणी वाफ होतांना उष्णता ओढून घेतें. पुढें 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक परीक्षेंतही मातीच्या भांड्यांनीं आंतील उष्णतामान खालीं आणल्याचें दिसून आलें.

आतां शेराच्या प्रश्नाकडे वळूं. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरांत 40 युनिटांच्या असतात. पेनमध्यें आणि कांहीं बाटल्यांत तें 100 युनिटांचें असतें. त्यासाठीं सिरिंजही निराळ्या आहेत: 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. समजा, सहा युनिट घ्यावयाचे आहेत. शंभराचें औषध चाळिसाच्या सिरिंजमध्यें सहाच्या खुणेपर्यंत ओढलें तर अंगांत पंधरा युनिट जातील. उलट केलें तर जेमतेम अडीच. ॲपनें सांगितलेले सहा बरोबरच होते. शेर मात्र बदलला! साखरेच्या आंकड्याचेंही असेंच आहे. आपले मीटर मिलिग्राम दाखवितात, यूरोपांतील अनेक देशांत मिलिमोल चालतात. आपलें 180 म्हणजे तिकडचें 10. परदेशांतील मुलानें पाठविलेला मीटर वापरण्यापूर्वीं हें पाहून घ्यावें.

ॲपचा हिशेब तरी काय असतो? मीं चाळीस वर्षें मुलांना शिकविलेलें त्रैराशिकच तें! डॉक्टरांनीं एखाद्या रोग्यास सांगितलें कीं पंधरा ग्राम पिष्टमय पदार्थास एक युनिट, आणि एक युनिटानें साखर साठानें उतरते. ताटांत साठ ग्राम असतील तर चार युनिट, साखर 250 आहे आणि 130 वर आणावयाची आहे, तर आणखी दोन, एकूण सहा. यांतून आधीं घेतलेल्या इन्शुलिनचा अंगांत उरलेला अंश वजा करावयाचा. प्रत्येक रोग्याचें प्रमाण निराळें असतें आणि तें त्याचे डॉक्टरच ठरवितात. तें शेजाऱ्याकडून उसनें घेतां येत नाहीं.

हिशेब इतका सोपा असूनही यंत्राच्या हातून तो बिघडतो. 2015 सालीं लंडनमधील संशोधकांनीं अशीं 46 ॲप तपासलीं. त्यांपैकीं 67 टक्के ॲपांत अयोग्य मात्रा सुचविली जाण्याचा धोका आढळला, आणि 91 टक्के ॲप भरलेला आंकडा शक्य कोटींतला आहे कीं नाहीं हें पाहतच नव्हतीं. त्यानंतर सुधारणा झाल्या आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्यानें निवडलेलें, मान्यता मिळालेलें साधन आज पुष्कळ उपयोगी पडतें. तरीही सुई टोंचण्यापूर्वीं तें त्रैराशिक घरांतल्या कोणीतरी कागदावर करून पाहावें.

माझी सुशिक्षित घरांना विनंति आहे कीं हें काम एकट्या रोग्यावर सोडूं नये. साखर उतरली म्हणजे प्रथम त्याचीच बुद्धि मंदावते. त्यामुळें आंकडा 70 च्या खालीं गेला, आणि माणूस शुद्धीवर असून त्याला गिळतां येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी आणि पंधरा मिनिटांनीं पुन्हा मोजावें, हें घरांतील सुनेला, नातवाला, स्वयंपाकाच्या बाईला ठाऊक असावें. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत कांहीं घालूं नये. त्याला तत्काळ दवाखान्यांत न्यावें. शाळेंत जाणारें मूल इन्शुलिन घेत असेल तर त्याच्या वर्गशिक्षकालाही हें माहीत असावें.

कारंज्याच्या बाजारांत मापाऱ्याला परवाना घ्यावा लागला, कारण त्याच्या चुकीनें दुसऱ्याचें नुकसान होत असे. इन्शुलिन मोजणाऱ्या घराला असा परवाना कोणी मागत नाहीं. तेथें बाटलीवरचा आंकडा वाचणें, सिरिंजचें टोपण पाहणें, हात धुणें आणि बेरीज पुन्हा करून पाहणें, एवढाच काय तो परवाना. आणि तो रोज नवा घ्यावा लागतो.