कॅमकॉर्डर : रेकॉर्डिंग फॉरमॅट आणि मेमरी कार्ड

कॅमकॉर्डर म्हणजे चित्र टिपणारा कॅमेरा आणि ते साठवणारा रेकॉर्डर एकाच यंत्रात असलेले साधन. टिपलेले चित्र व आवाज ज्या पद्धतीने कॉम्प्रेस करून साठवले जातात, तिला रेकॉर्डिंग फॉरमॅट म्हणतात. खरेदी करताना बहुतेकांचे लक्ष झूमच्या आकड्याकडे जाते. पण चित्रण संगणकावर उघडेल का, ऐन कार्यक्रमात रेकॉर्डिंग थांबेल का, हे फॉरमॅट आणि कार्डावर ठरते. म्हणून निवड तिथून सुरू करावी.

टेपच्या काळात हा प्रश्न सोपा होता. सोनीचा बेटामूव्ही हा कॅमकॉर्डर १९८३ मध्ये आला, व्हिडिओ८ हा टेपचा फॉरमॅट १९८५ मध्ये. १९९५ च्या मिनीडीव्हीने डिजिटल चित्रण घराघरांत नेले. डीव्हीमध्ये चित्राचा बिटरेट सेकंदाला २५ मेगाबिट असतो आणि तासाभराचे चित्रण सुमारे १३ जीबी भरते. लग्नाची कॅसेट कपाटात ठेवली की मूळ प्रत आपोआप जपली जायची. कार्ड मात्र पुसून पुन्हा वापरायचे असते, त्यामुळे जपणूक आता वापरणाऱ्याच्या हातात आली आहे.

सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये एव्हीसीएचडी हा फॉरमॅट आणला. एच.२६४ पद्धतीने तो प्रत्येक चित्रचौकट पूर्ण न साठवता बहुतेक चौकटींत आधीच्या-नंतरच्या चौकटींशी असलेला फरक तेवढा नोंदवतो. बसून दिलेल्या मुलाखतीत हे उत्तम चालते. पण लेझीम रंगात आली, गुलाल उधळला, की चौकटीचौकटीत सगळेच बदलते आणि कमी बिटरेटवर चित्रात चौकोन दिसू लागतात. त्यामुळे मिरवणूक, खेळ, धबधबा असे काही टिपायचे असेल तर कॅमेऱ्यातला सर्वांत वरचा दर्जा निवडावा. एव्हीसीएचडीत बिटरेटची कमाल मर्यादा सेकंदाला २४ मेगाबिट होती. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती २८ झाली.

या फॉरमॅटची एक खोड नीट समजून घ्यायला हवी. कार्ड संगणकाला लावले की आत ‘प्रायव्हेट’, त्यात ‘एव्हीसीएचडी’, त्यात ‘बीडीएमव्ही’ आणि शेवटी ‘स्ट्रीम’ असे एकात एक फोल्डर दिसतात. चित्रण ‘स्ट्रीम’मधल्या एमटीएस फाइलींत असते, म्हणून लोक तेवढ्याच फाइली उचलतात. पण कार्डावर फाइली मांडण्याच्या फॅट३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. त्यामुळे २४ मेगाबिटच्या सलग रेकॉर्डिंगचा साधारण चोविसाव्या मिनिटाला तुकडा पडतो. तुकडे कसे जोडायचे याची माहिती बाजूच्या फोल्डरांत असते. ती मागे राहिली तर सांध्यावर गाण्याचा सूर तुटल्यासारखा ऐकू येऊ शकतो. कार्डावरचे संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उतरवावे, मगच संपादनाला बसावे.

एमपी४ हाताळायला सोपा, फोनवर लगेच चालणारा. सोनीचा एक्सएव्हीसी एस हाही एमपी४ फाइलच देतो, पण त्याचा बिटरेट बराच जास्त असतो. २०१३ चा एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, कमी जागेत तितकाच दर्जा देतो. मात्र जुन्या संगणकावर तो अडखळतो. घरचा संगणक जुना असेल तर मी एच.२६४ चाच कॅमेरा सुचवेन.

कार्ड किती मोठे लागेल, हे मेगाबिट आणि मेगाबाइट यांतला फरक कळला की घरीच काढता येते. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे २४ मेगाबिटला सेकंदाला ३ मेगाबाइट आणि तासाला सुमारे ११ जीबी लागतात. ३२ जीबीच्या कार्डात जेमतेम पावणेतीन तास बसतात. १०० मेगाबिटच्या ४के चित्रणाला तासाला ४५ जीबी लागतात. तिथे ६४ जीबीचे कार्डही दीड तास पुरत नाही.

एसडी कार्ड १९९९ मध्ये जाहीर झाले. साधे एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत असते. नव्या कॅमेऱ्यात जुने कार्ड सहसा चालते, पण फक्त एसडीएचसी ओळखणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यात एसडीएक्ससी चालत नाही. सोनीचे जुने कॅमकॉर्डर तर केवळ मेमरी स्टिक घेतात. सेकंडहँड घेताना हे आधी पाहावे.

कार्डावर ठळक छापलेला मोठा वेग बहुधा वाचनाचा असतो. चित्रणाला उपयोगी पडतो तो लेखनाचा किमान वेग, आणि तो छोट्या चिन्हांत असतो. क्लास १०, यू१ आणि व्ही१० म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट. यू३ आणि व्ही३० म्हणजे ३०. एव्हीसीएचडीला क्लास १० भरपूर झाले. शंभर मेगाबिटच्या ४केला यू३ घ्यावे. व्ही९० चे महागडे कार्ड घरगुती कॅमकॉर्डरला लागत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत.

अमेरिकेतले नातेवाईक कॅमेरा आणतात तेव्हा आणखी एक गोष्ट आड येते. तिकडच्या मॉडेलांत साधारणपणे सेकंदाला ३० किंवा ६० चौकटी असतात, आपल्याकडे २५ किंवा ५०. भारतातली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने तिकडच्या कॅमेऱ्याने इथल्या ट्यूबलाइटखाली टिपलेले चित्र लुकलुकू शकते. काही कॅमेऱ्यांत पद्धत बदलता येते, काहींत नाही; ते मागवण्याआधीच विचारावे.

बनावट कार्डांचा सुळसुळाट मोठा आहे. आत ८ जीबीच असते, संगणकाला ६४ दिसते आणि खरी जागा संपल्यावरचे चित्रण वाया जाते. एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचतो आणि खोटेपणा उघड करतो. कार्ड बदलून मिळण्याच्या मुदतीतच ही तपासणी करावी, नंतर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे आणि कार्यक्रमाला जाण्याआधी त्यावर तासभर चित्रण करून पाहावे.