मोहोळाची ग्रामसभा

मंडळी, लाखोळी काढताना धुऱ्यावरच्या आंब्याला सातेरी माश्यांचा थवा लोंबकळलेला दिसला. ना पोळं, ना मध, नुसता माश्यांचा घोस. मजूर म्हणाले, "भाऊ, टेंभा लावू का?" चार वर्षांपूर्वी असाच एक थवा मी जाळला होता आणि मग भोपळ्याच्या फुलावर माशी दिसत नाही म्हणून कुरकुरत बसलो होतो. या वेळी थांबलो. तिसऱ्या दिवशी दुपारी थवा आपोआप उडून गेला.

तीन दिवस तिथं काय चाललं होतं? एक प्रकारची ग्रामसभाच.

१९४९ मध्ये जर्मनीत म्युनिकला मार्टिन लिंडावर यांना अशाच थव्यावर काही माश्या नाचताना दिसल्या. अंगावर पराग नाही. कुणी काजळीनं काळी, कुणी विटेच्या भुकटीनं लाल. त्यांनी ओळखलं, या चारा नाही, घर शोधून आल्यात. नाचावरून जागेची दिशा आणि अंतर कळतं, हे त्यांचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांनी आधीच उलगडलं होतं. सुरुवातीला वेगवेगळ्या जागांसाठी नाच, शेवटी सगळा नाच एकाच जागेसाठी, हे लिंडावर यांनी १९५५ मध्ये मांडलं.

पुढे अमेरिकेत थॉमस सीली यांनी बारीक हिशेब लावला. राणी काहीच ठरवत नाही. दहा हजारांच्या थव्यात काहीशे अनुभवी माश्याच जागा बघतात. जागा जितकी चांगली, तितका नाच जास्त. पण दुसरी माशी नुसत्या सांगण्यावर जात नाही, स्वतः जाऊन बघते. आणि प्रत्येकीचा नाच हळूहळू थांबतो. हट्ट कुणाचाच नाही. एका जागी एकाच वेळी वीस-तीस जणी जमल्या की निर्णय पक्का.

वैनगंगेपलीकडे, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. तिथली ग्रामसभाही बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरवते. आधी अभ्यासगट विषय तपासतो. पोळं न जाळता मध काढायची रीत त्यांनी अशाच अभ्यासातून बसवली. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला.

आपल्या गावातल्या सभेत मात्र बघायला कुणी जात नाही, आणि नाच कुणी थांबवत नाही!

तर मंडळी, झाडाला नुसता घोस लटकलेला दिसला तर टेंभा नको, फवारा नको. त्याला सांभाळायला पोळं नसतं, म्हणून डिवचल्याशिवाय तो सहसा चावत नाही. लेकरं-जनावरं जरा लांब ठेवा आणि दोन-चार दिवस द्या. त्यांची सभा चालू आहे.