एकट्याची वाट

'एकटा जीव सदाशिव' असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. बाईमाणूस एकटे निघाले तर घरातली चार माणसे वेशीपर्यंत पोचवायला जात. पुरुष निघाला की पडशी आणि शिदोरी हाती दिली, झाले. त्याची काय काळजी करायची? इतिहासाची पाने मात्र वेगळे सांगतात. वाटेवर ज्यांचा घात झाला त्यांत धडधाकट, कमावते पुरुष पुष्कळ होते. कारण उघड आहे. कमाई कमरेला बांधून घरी निघालेला माणूस पोचला नाही, हे घरच्यांना कित्येक महिने कळतच नसे.

ठगांच्या हकिकती आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. 1830 नंतर स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचा बंदोबस्त केला. इंग्रजांनी त्या हकिकती रंगवून सांगितल्या, माफीच्या साक्षीदारांच्या तोंडावर भरवसा ठेवला आणि कित्येकांवर सरसकट शिक्का मारला, हा अलीकडच्या अभ्यासकांचा आक्षेप आम्हांला रास्त वाटतो. परंतु वाटमारी होती, आणि तिची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. ठग समोरून चाल करून येत नसे. तो गोड बोलत येई. 'पुढचा रस्ता वाईट आहे, एकटे जाऊ नका, आमच्याबरोबर चला,' असे म्हणे. एका चुलीवर जेवण होई, विश्वास बसे, आणि मग योग्य जागी रुमाल गळ्यात पडे. एकट्याला सोबत हवी असते. त्या गरजेचाच त्यांनी फास केला होता.

कंपनी सरकारचे शिपाई रजेवर गावी जाताना असे नाहीसे होऊ लागले, तेव्हा 1810 साली लष्करातून एक हुकूम निघाला. एकट्याने प्रवास करणाऱ्या पुरुषाला आपल्या देशात दिलेला हा एक जुना लेखी उपदेशच म्हणायचा. वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसांशी सलगी करू नये. उजाडण्यापूर्वी मुक्काम सोडू नये. आणि रोकड जवळ न बाळगता खजिन्यावरची चिठ्ठी घ्यावी, म्हणजे गावाकडे पैसे मिळतील. उपदेश शहाणपणाचा होता. पण पहिल्या दोन गोष्टी शिपायाच्या अकलेवर सोडलेल्या होत्या, तर तिसरी सरकारने खजिन्यात सोय केली म्हणूनच पाळता येणार होती. हा फरक आम्हांला फार मोलाचा वाटतो. ज्याच्यामागे पलटण नव्हती, त्या विणकराने किंवा शेतगड्याने कोणाची चिठ्ठी घ्यावी? सराफाची हुंडी व्यापाऱ्याच्या कामाची. गरिबाला तशी सोय मिळायला 1880 साल उजाडावे लागले. त्या वर्षी टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि कमाई कमरेवरून सुटून पोस्टमनच्या पिशवीत गेली.

तोवर वाटसरूंचा ओघ मुंबईकडे वळला होता. 1856 साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली. पुढे रत्नागिरी, सातारा इकडून माणसे येऊ लागली. ती बहुतेक एकटीच, बायकापोरे गावी ठेवून. 1921 च्या शिरगणतीत शहरात पुरुषांच्या मानाने निम्म्याहून थोड्याच अधिक बायका होत्या. शहर म्हणजे जणू एकट्या पुरुषांची धर्मशाळाच.

गोड बोलणारा इथेही भेटे. गिरणीच्या दारात मुकादम असे. काम लावून देई, दस्तुरी घेई, वेळप्रसंगी कर्जही देई. त्याच्याजवळ रुमाल नव्हता, वही होती. मात्र मुकादमाशिवाय काम मिळत नसे, तेव्हा 'अनोळख्याशी सलगी करू नये' हा उपदेश इथे कुचकामाचा होता.

मग आमच्या माणसांनी काय केले? एकाच गावच्या वीस-पंचवीस जणांनी मिळून खोली घेतली. पाळीपाळीने झोपायचे; दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी अंग टाकी. ट्रंक भिंतीशी, वळकटी दोरीवर. गोव्याच्या लोकांच्या 'कूड' धोबीतलावाकडे होत्या, तिथे गावच्या संताची वेदी असे आणि संध्याकाळची प्रार्थना चुकवून चालत नसे. कोणी हसेल, पण ज्या खोलीत रात्री माणसे मोजली जातात, तिथून माणूस मुकाट्याने नाहीसा होत नाही. आजारी पडला तर निरोप जाई. मेला तर चार खांदे मिळत.

आणि जेवण? त्यासाठी खाणावळवाली होती. बहुधा गिरणीतून सुटलेली किंवा नवरा गमावलेली बाई. एका खोलीत वीसवीस जणांचे रांधायची. हिचे नाव गिरणगावच्या इतिहासात फार उशिरा आले, याची आम्हांला खंत आहे. संपात पगार बंद होई, पण ताट बंद होत नसे. ती वाण्याकडून उधार घेई, सावकाराचे व्याज भरी आणि पुरुष मात्र 'आम्ही संप रेटला' म्हणून भाषणे ठोकीत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे त्या सावकाराच्या तावडीतून सुटू लागल्या.

वाटेतल्या जिवाचेही तसेच. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. सणाला घरी निघालेले कित्येक चाकरमाने तीत होते. त्यांतल्या कोणी काय सावधगिरी बाळगायची होती? बोटीत किती माणसे घ्यायची, हे उतारूच्या हातात नसते.

गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या गेल्या. आता एकटी माणसे आणखी लांबून येतात. परराज्यांतील कामगारांसाठी 1979 साली कायदा झाला; ठेकेदाराने येण्याजाण्याचे भाडे द्यावे, असे त्यात लिहिले होते. 2020 च्या टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले काही कामगार मध्य प्रदेशातील आपल्या गावी जायला पायी निघाले. रुळांच्या कडेने रात्रभर चालले. थकले तेव्हा करमाडजवळ रुळांवरच निजले. 8 मेच्या पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण ठार झाले. ते एकटेदुकटे नव्हते, अनोळख्याबरोबरही नव्हते. पोलिसांना रुळांवर चपला सापडल्या, आणि वाटेसाठी बांधून घेतलेल्या पोळ्या.