बिनतारी यंत्राची राखण

चोरीस गेलेली वस्तू बहुधा मुकी असते. चोराच्या घरी जाऊन पडलेले तपेले आपल्या धन्याचे नाव सांगत नाही. वितळविलेल्या दागिन्यास पूर्वीचा आकार आठवत नाही. दोन्ही बाजूंनी बोलणारे बिनतारी यंत्र मात्र या नियमास अपवाद होय. बोलल्यावाचून ते पुरते उपयोगी पडत नाही, आणि बोलू लागले की त्याला आपला ठावठिकाणा फार काळ लपविता येत नाही. या एका गुणामुळे त्याच्या संरक्षणाचा इतिहास कुलपांचा न होता नोंदवह्यांचा इतिहास झाला आहे.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून नौका हाकारणाऱ्या तांडेलास या यंत्राची योग्यता निराळी सांगावी लागत नाही. रत्नदुर्गावरील दीपगृह दृष्टीआड झाले म्हणजे किनाऱ्याशी बोलण्याचे तेवढेच एक साधन हाती राहते. 2009 च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ कोकणपट्टीवर आले, तेव्हा पुष्कळ मच्छीमार नौका भर समुद्रात सापडल्या आणि कित्येक घरांतील माणसे परतली नाहीत. अशा वेळी नौकेवरील यंत्र आदल्या रात्रीच चोरीस गेलेले असेल, तर त्या चोरीची किंमत बाजारभावाने करता येणार नाही.

या यंत्रांवर नजर ठेवण्याची सुरुवात सरकारने केली ती लोकांच्या सोयीसाठी नव्हे. 1885 च्या तार कायद्याने तारायंत्राचा सर्वाधिकार सरकारकडे घेतला. पुढे 1933 च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला. परवाना म्हटला की नाव आले, गाव आले आणि दप्तरात नोंद आली. 1939 साली महायुद्धास तोंड लागताच हौशी बिनतारीवाल्यांस आपली प्रक्षेपक यंत्रे पोलिसांत जमा करण्याचे हुकूम सुटले. कोणाकडे यंत्र आहे हे दप्तरास ठाऊक असल्यामुळेच असा हुकूम अंमलात आणणे शक्य होते. जी नोंद धन्याचे रक्षण करू शकते, तीच त्याच्या पायातील बेडीही होऊ शकते, हे विसरता कामा नये.

बोलणारे यंत्र लपविणे किती कठीण असते, याचा दाखला तीनच वर्षांनी मुंबईस मिळाला. 27 ऑगस्ट 1942 रोजी उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 42.34 मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ते यंत्र चोरीचे नव्हते. परंतु पोलिसांच्या हाती ते लागू नये म्हणून चोरीच्या मालापेक्षाही अधिक जपावे लागले. दिशा शोधणाऱ्या गाड्यांस चुकविण्यासाठी त्याचे बिऱ्हाड चौपाटी, गिरगाव, वाळकेश्वर असे वारंवार हलवीत. तरीही 12 नोव्हेंबर 1942 रोजी महालक्ष्मीजवळच्या बंगल्यावर छापा पडून ते जप्त झाले आणि पुढील वर्षी उषाताईंस चार वर्षांची शिक्षा झाली.

दिशा शोधण्याची रीत मुळात साधी आहे. वळ्याच्या आकाराचे एरियल फिरविले असता येणारा आवाज कमीजास्त होतो व त्यावरून लहरी कोणत्या रेषेवर आहेत ते कळते. दोन ठिकाणांहून अशा दोन रेषा नकाशावर काढल्या की त्या जेथे छेदतात तेथे यंत्र असते. परंतु या विद्येसही मर्यादा आहे. जो चोर केवळ ऐकतो आणि स्वतः बोलत नाही, तो तिच्या जाळ्यात येत नाही. साधे बोलके यंत्र आपला क्रमांकही उच्चारीत नाही. म्हणून क्रमांकास महत्त्व आले.

प्रत्येकाच्या खिशातील मोबाईल हाही वस्तुतः दुतर्फी बिनतारी संचच होय. त्यास पंधरा अंकी ओळखक्रमांक असतो. तो बदलणे 2017 च्या नियमांनी गुन्हा ठरविला. चोरीचा संच या क्रमांकावरून सर्व कंपन्यांच्या जाळ्यांत बंद पाडण्याची केंद्रीय व्यवस्था सप्टेंबर 2019 मध्ये प्रथम महाराष्ट्रासाठी सुरू झाली आणि मे 2023 मध्ये सर्व देशास खुली झाली. समुद्रावरील सुधारलेल्या संचांत नऊ अंकी क्रमांक भरलेला असतो. भारतीय नौकांचा क्रमांक 419 ने सुरू होतो. संकटाची कळ दाबली की तो क्रमांक आपोआप प्रसृत होतो. असा संच चोरून दुसऱ्या नौकेवर बसविला तर संकटसमयी शोध सुरू होईल तो मूळ धन्याच्या नौकेचा! येथे चोर स्वतःचाच घात करतो.

नौकेची ओळख परक्याच्या हाती गेली म्हणजे काय होते, हे नोव्हेंबर 2008 मध्ये दिसून आले. ‘कुबेर’ ही पोरबंदरची मच्छीमार नौका बळकावून, तीवरील माणसांस ठार करून, हल्लेखोर मुंबईच्या किनाऱ्यानजीक आले. त्यानंतर नौकांच्या ओळखीविषयी सरकार अधिक जागरूक झाले. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे एक योजना सुरू झाली. तेरा किनारी राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत मिळून सुमारे 1 लाख नौकांवर उपग्रहाद्वारे दोन्ही दिशांनी संदेश नेणारी यंत्रे बसवावयाची, असा तिचा संकल्प आहे.

यंत्रे वाढली की त्यांची जबाबदारीही वाढते. 1 जूनपासून मासेमारी बंद झाल्यावर नौका ओढून शाकारल्या जातात. तेव्हा तीवर रात्री माणूस नसतो. म्हणून संच उतरवून घरी नेणे हेच शहाणपण. त्याच्या पाठीवरील क्रमांक, नौकेचा क्रमांक आणि खरेदीची पावती ही तिन्ही नौकेवर न ठेवता घरच्या वहीत असावीत, कारण नौकेवरील कागद संचाबरोबरच जातो. पेटीवर नौकेचे नाव कोरावे. रंगविलेले नाव खरवडता येते. चोरी उमगताच पोलीस ठाण्यात क्रमांकासह वर्दी द्यावी, मत्स्यव्यवसाय खात्यास व तटरक्षक दलास कळवावे, म्हणजे त्या क्रमांकाची हाक ऐकणारा सावध राहील. क्रमांकावाचून दिलेली वर्दी पोलिसांच्याही फारशी उपयोगी पडत नाही. सापडलेला संच कोणाचा, हे सिद्ध कसे करावयाचे?

पूर्वी परवान्याची नोंद प्रजेवरील अविश्वासातून झाली. आजची नोंद खलाशाच्या जीवासाठी आहे, एवढा पालट शंभर वर्षांच्या आत घडून आला. तो पूर्ण व्हावयाचा तर सरकारी दप्तराइतकीच तांडेलाच्या घरची वहीही नेटकी असली पाहिजे. नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ वाहून नौका निघेल, तेव्हा वहीतील क्रमांक आणि नौकेवरील क्रमांक एकच आहे ना, एवढे पाहावे.