रोजच्या नकलेची कुळकथा

लोणंदच्या कांदा बाजारातला लिलाव आटोपून, हमाली-तोलाई वजा झालेली शेवटची पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडली, म्हणजे आडतदुकानातील संगणकावर त्या दिवसाचा हिशोब पुरा होतो. आणि माझ्या परिचयाच्या एका गाळ्यात, रात्री साडेअकराला, आत मनुष्यमात्र नसताना, त्या हिशोबाच्या सबंध फोल्डराची त्या तारखेची नक्कल आपोआप सिद्ध होते. हे काम करणाऱ्या आज्ञावलीचे नाव आरस्नॅपशॉट. तिच्यापाशी चित्रे किंवा बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर अक्षरे टंकूनच तिला हुकूम द्यावा लागतो.

नकलेची ही शिस्त आपल्याला परकी नाही. 'दप्तर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत तो ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ कातडे असा आहे. 'फडणीस' म्हणजे मूळचा फर्दनवीस, हिशोबाचे फर्द लिहिणारा. सरकारातून सुटलेल्या आज्ञांची नोंद त्या त्या तारखेखाली रोजकीर्दीत चढत असे, म्हणूनच पुढे गणेश चिमणाजी वाड यांना सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिशीतील उतारे निवडता आले. पत्र ज्याच्या हाती गेले त्याच्या घरी ते वाळवीने खाल्ले तरी त्या दिवशी काय ठरले हे दप्तराला ठाऊक राहिले. हे साधले ते कोणा एकाच्या स्मरणशक्तीमुळे नव्हे. लिहिण्याची वेळ आणि लिहिणारा हे दोन्ही आधीच नेमलेले होते, म्हणून.

संगणकाच्या राज्यात ही नेमणूक 'क्रॉन' नावाच्या आज्ञावलीकडे आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतून १९७९ साली बाहेर पडलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत तो होता, आणि त्याच्या नावात काळाचा वाचक असा ग्रीक शब्द आहे. दर मिनिटाला जागे व्हावे, आपला तक्ता पाहावा, नेमलेले काम असेल तर ते करावे, एवढाच त्याचा धर्म. ज्ञानोबारायांची पालखी नीरास्नान उरकून लोणंदास येते तेव्हा इथला मुक्काम किती दिवसांचा हे जसे तिथी पाहून आधीच ठरलेले असते, तसेच हे आहे. उणीव एकच: त्या घटकेला यंत्र बंद असेल तर क्रॉन ती वेळ सोडून देतो, मागाहून भरून काढत नाही.

वेळ नेमली तरी रोज सगळे फोल्डर पुन्हा उतरवणे परवडणारे नव्हते. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' प्रसिद्ध केले. ते दोन प्रती ताडून केवळ बदललेला भाग दूरच्या यंत्राकडे पाठवते. पुढे माइक रूबेल यांनी त्याला युनिक्सच्या जुन्या हार्ड लिंकची जोड देण्याची युक्ती लिहून ठेवली, आणि तीवरूनच २००३ साली नेथन रोझेनक्विस्ट यांनी पर्ल भाषेत आरस्नॅपशॉट रचले.

ही हार्ड लिंक समजली की सारे समजले. युनिक्समध्ये फाइलचे नाव वेगळे आणि तिचा मजकूर वेगळा. एकाच मजकुराला हवी तितकी नावे देता येतात. पांडुरंग म्हणा, विठोबा म्हणा, पंढरीनाथ म्हणा, विटेवरची मूर्ती एकच. काल न बदललेल्या फाइलला आजच्या नकलेत नुसते नवे नाव मिळते, जागा जवळजवळ लागत नाही. आणि शेवटचे नाव पुसले जाईपर्यंत मजकूर मरत नाही. त्यामुळे प्रत्येक तारखेचे फोल्डर उघडावे तर ते संपूर्ण दिसते. त्या गाळ्यात सात रोजच्या आणि चार आठवड्यांच्या नकला राहतात. नवी आली की बाकीच्यांचे क्रमांक एकेकाने सरकतात आणि सर्वांत जुनी निघून जाते. हिशोबाची मुख्य फाइल मात्र रोज बदलते, म्हणून ती दरवेळी सबंधच साठते. आणखी एक बारकावा: आरस्नॅपशॉटच्या हुकूमनाम्याच्या फाइलीत दोन शब्दांमधले अंतर टॅब दाबूनच सोडावे लागते, साधी मोकळी जागा चालत नाही, आणि त्यापायी पहिल्या दिवशी आमचा तासभर गेला.

गेल्या हंगामात कामावरच्या एका मुलाच्या हातून महिन्याभराच्या पट्ट्यांचे फोल्डर पुसले गेले. पोर रडकुंडीला आले होते. आदल्या रात्रीची नक्कल उघडली, फोल्डर उचलून जागेवर ठेवले, आणि दुपारच्या लिलावाच्या आत काम चालू झाले. तरीही ज्या डिस्कवर या नकला राहतात ती त्याच गाळ्यात आहे. आग लागली तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकदमच जातील. म्हणून दुसऱ्या एका डिस्कवर दर आठवड्याला प्रत घेऊन मालक ती घरी नेतात. ज्यांच्या दुकानात, शाळेत वा सोसायटीत असे दप्तर असेल त्यांना माझी विनंती आहे की, एक प्रत छपराबाहेर ठेवावी, आणि महिन्यातून एकदा जुन्या तारखेची कोणतीही एक पट्टी परत आणून ती उघडते की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.