यंत्राला जात नसते, मग त्याला शिवी कुणी दिली?

"तंत्रज्ञानाला जात नसते" हे वाक्य आपल्याला वारंवार ऐकवले जाते. आरक्षणावर वाद निघाला की ते हमखास येते. यंत्र काय, ते बटण दाबणाऱ्याचे आडनाव विचारत नाही. तेव्हा यंत्रयुग आले की जात आपोआप जाईल, तुम्ही उगाच ओरडू नका, असा त्याचा मथितार्थ. या वाक्याची परीक्षा घ्यायची तर एखाद्या यंत्राचा इतिहास मुळापासून पाहावा लागतो. आम्ही त्यासाठी जाणीवपूर्वक लांबचे उदाहरण घेतले आहे: अमेरिकेतील लाकूडतोडीची जुनी वाफेची यंत्रे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. त्या देशाचा इतिहास आपल्याला परका नाही.

या यंत्रांचे शौकीन जगभर आहेत. गंजलेली इंजिने घासूनपुसून पुन्हा पेटवतात, शिट्टी वाजवतात, त्याचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. पाहायला आम्हालाही आवडते. पण त्या व्हिडिओत सांगितला जाणारा इतिहास नेहमी एकाच साच्याचा असतो: अमुक हुशार माणूस, अमुक साल, अमुक पेटंट.

सुरुवात युरेका या गावापासून करू. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर हंबोल्ट उपसागराच्या काठी हे गाव आहे. भोवती रेडवुडची जंगले. एकेक झाड तीनशे फूट उंच आणि बुंधा एवढा रुंद की दहा माणसांनी हात धरून कवेत घेतला तरी पुरू नये. असे झाड पाडणे हे निम्मेच काम. खरा प्रश्न पुढचा होता, तो ओंडका ओढून गिरणीपर्यंत न्यायचा कसा? त्यासाठी जंगलात आडव्या लाकडांची वाट तयार करत, त्यावर चरबी किंवा माशाचे तेल चोपडत आणि बैलांच्या अनेक जोड्या जुंपून ओंडके घसरत नेत. पावसाळ्यात चिखल झाला की काम बंद. बैल महाग, त्यांचा चारा महाग, आणि त्यांना हाकणारा वाकबगार माणूस तर सर्वांत जास्त मजुरी मागणारा.

याच गावातला गिरणीमालक जॉन डॉल्बीर याने यावर तोड काढली. उभा बॉयलर, एक सिलिंडर आणि दोर गुंडाळणारा फिरता रूळ, हे सगळे जाड ओंडक्यांच्या घसरगाडीवर बसवलेले. दोराचे टोक लांबच्या ओंडक्याला बांधायचे, वाफ सोडायची, रूळ फिरतो आणि ओंडका ओढला जातो. मोकळा दोर परत नेण्यासाठी एक घोडा ठेवलेला असे. यंत्र दुसरीकडे हलवायचे असेल तर दोर पुढच्या झाडाला बांधायचा. यंत्र स्वतःलाच ओढत जंगलातून पुढे सरकायचे. जहाजांवरच्या छोट्या इंजिनाला खलाशी 'डाँकी' म्हणत, तेच नाव याला पडले. एप्रिल १८८२ मध्ये डॉल्बीरला पेटंट मिळाले. पुढे मनिला दोराच्या जागी पोलादी तारदोर आला, घोडा गेला, उंच झाडाच्या शेंड्याला कप्पी बांधून ओंडके अर्धवट हवेतून ओढले जाऊ लागले. तारदोर तुटला तर समोर जो असेल तो मेला. शिट्टीची तार ओढून इशारे देण्याच्या कामावर बऱ्याचदा कोवळी पोरे असत.

इथवरचा इतिहास कुठल्याही संग्रहालयात मिळेल. आता त्याच गावाची दुसरी तारीखवार यादी पाहा.

हे जंगल आणि हा उपसागर वियोट या आदिवासींचा. २६ फेब्रुवारी १८६० च्या पहाटे उपसागरातील तुलुवात बेटावर त्यांचा वार्षिक विधी संपवून माणसे झोपली होती. गोऱ्या वसाहतवाल्यांची टोळी कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन आली. मारले गेलेले बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारे. एकावरही खटला चालला नाही. शेजारच्या गावातील वृत्तपत्रात ब्रेट हार्ट या तरुण लेखकाने निषेध लिहिला, तर त्यालाच तिथून निघून जावे लागले. वाचलेल्या वियोटांना फोर्ट हंबोल्ट या लष्करी ठाण्यात आणून ठेवले आणि मग त्यांच्या भूमीबाहेर हलवले. म्हणजे ज्या जंगलात बावीस वर्षांनी डाँकी इंजिन धडधडले, ते जंगल 'मोकळे' झाले ते असे.

एप्रिल १८८२ मध्ये पेटंट, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या संघराज्याने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. फेब्रुवारी १८८५ मध्ये युरेकात दोन चिनी माणसांच्या भांडणातली गोळी चुकून एका गोऱ्या नगरसेवकाला लागली. दोन दिवसांच्या आत गावातली तीनशेहून अधिक चिनी माणसे दोन जहाजांत कोंबून सॅन फ्रान्सिस्कोला पाठवली गेली. पुढे कित्येक दशके चिनी माणसाला त्या गावात राहता आले नाही. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या वस्तीला शिक्षा, ही रीत खैरलांजीच्या महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

आज ही जुनी डाँकी इंजिने जतन केलेली आहेत ती कुठे? त्याच फोर्ट हंबोल्टच्या आवारात. ठाणे आता ऐतिहासिक उद्यान आहे. जिथे वियोट माणसे डांबली होती तिथे डॉल्बीरच्या नावाचा वाफेच्या इंजिनांचा उत्सव भरतो. तुलुवात बेटाचा उरलेला मोठा भाग युरेका नगरपालिकेने २०१९ साली वियोटांना परत केला, हेही इथे नोंदवले पाहिजे. पण त्यासाठी वियोटांना अनेक दशके झगडावे लागले.

पेटंटचीच गोष्ट घ्या. इतिहासात नाव राहण्याचा तो दाखला मानला जातो. पण दाखला कुणाला मिळू शकत होता? मिसिसिपीतील ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या मालकाने नेड या आपल्या गुलामाने शोधलेल्या कापसाच्या शेतीतील अवजाराचे पेटंट स्वतःच्या नावावर मागितले. १८५८ साली अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने मत दिले की गुलामाने लावलेल्या शोधाचे पेटंट गुलामालाही मिळणार नाही आणि मालकालाही नाही. कारण साधे: गुलाम नागरिक नव्हता, शपथपत्र करू शकत नव्हता. एकलव्याचा अंगठा मागायची गरजच पडली नाही, कागदावर हातच नाकारला. नेडला आडनावही नाही. त्यामुळे 'शोध लावणारे सगळे गोरेच होते' असे कुणी म्हणाले की विचारावे, नोंदवही कुणाच्या हातात होती?

गुलामगिरी संपल्यावरही चित्र कसे होते ते एलायजा मॅकॉय सांगतो. केंटकीतून पळालेल्या गुलामांचा हा मुलगा १८४४ च्या सुमारास कॅनडात जन्मला, स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे यंत्रविद्या शिकून मिशिगनला आला. रेल्वेने या शिकलेल्या अभियंत्याला काय काम दिले? भट्टीत इंधन टाकायचे आणि सांध्यांना तेल घालायचे. गाडी दर थोड्या अंतरावर थांबवून तेल घालावे लागे. त्याने १८७२ साली इंजिन चालू असतानाच आपोआप तेल सोडणाऱ्या भांड्याचे पेटंट घेतले. वाफेच्या इंजिनाला तेल पाजण्याचा प्रश्न जिथे जिथे होता, तिथे या सुधारणेचे महत्त्व होते. पदवी असूनही झाडू हाती देणारी व्यवस्था आपण पाहिलेली आहे, तेव्हा या प्रसंगावर जास्त बोलत नाही.

लाकूडतोडीतली इतर नामवंत यंत्रेही होती. मिशिगनच्या एफ्राइम शे याने सगळी चाके दातेरी चाकांनी फिरवणारे इंजिन काढले, १८८१ चे पेटंट. वेड्यावाकड्या, चढाच्या तात्पुरत्या रुळांवर ते चाले, आणि १९४५ पर्यंत अडीच हजारांहून जास्त तयार झाली. मेनमधील आल्विन लोंबार्ड याने १९०१ साली बर्फावरून ओंडक्यांच्या घसरगाड्या ओढणारे, पट्ट्यांवर चालणारे यंत्र काढले. पुढच्या टँक आणि बुलडोझरच्या पट्ट्यांचे हे पूर्वज. त्यात सुकाणू धरणारा माणूस सर्वांत पुढे, उघड्यावर, बर्फात बसलेला असे आणि मागे ओंडक्यांचा डोंगर. यंत्राची रचनाच सांगते कोणाचा जीव किती किमतीचा धरला होता.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे शिवीकडे.

ओंडका गिरणीत आला की तो एका गाड्यावर चढवतात. गाडा पुढेमागे धावतो आणि प्रत्येक फेरीत करवत एक फळी उतरवते. एक बाजू कापली की ओंडका फिरवावा लागतो. आधी हे काम आकडे लावलेल्या दांड्यांनी माणसे करत. वजन काही टनांचे, पाठ मोडणारे काम, आणि करवत हातभर अंतरावर. मग वाफेचे साधन आले. जमिनीखालच्या सिलिंडरच्या जोरावर एक दातेरी लोखंडी दांडा खालून उसळून वर येतो, ओंडक्यात दात रोवतो आणि त्याला गपकन फिरवून गाड्यावर आपटतो. करवतवाल्याने फक्त दांडी दाबायची.

या साधनाला गिरण्यांत जे नाव रूढ झाले ते काळ्या माणसाला दिली जाणारी, इंग्रजीतील सर्वांत हीन शिवी. 'वाफेचा' हे विशेषण आणि पुढे ती शिवी. आम्ही तो शब्द इथे लिहीत नाही. पण तो कामगारांच्या तोंडीच राहिला असे समजू नका. यंत्रे विकणाऱ्यांच्या जाहिरातींत तो छापला जाई, आणि इंग्रजी कोशांत त्या शब्दाखाली 'ओंडका फिरवणारे यंत्र' असा अर्थ नोंदला गेला.

इथे थोडे थांबून विचार करा. हे यंत्र ज्या मिशिगनच्या भागात वाढले, तिथल्या गिरण्यांत ओंडके फिरवणारे बहुतेक मजूर गोरे होते: पोलिश, जर्मन, कॅनडातून आलेले. म्हणजे त्या गिरणीत एकही काळा माणूस नसला तरी नाव मात्र काळ्याचे. का? कारण त्या समाजाच्या डोक्यात एक विशिष्ट प्रकारचे काम (जड, घाण, धोक्याचे, न बोलता करायचे) एका विशिष्ट माणसाचे ठरलेले होते. माणूस बदलला, माणसाच्या जागी लोखंड आले, तरी कामाला चिकटलेली ओळख तशीच राहिली. जात म्हणजे फक्त श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. अमेरिकेच्या करवत गिरणीत त्याचा लोखंडी पुरावा सापडतो.

हा अपवाद नव्हता. त्याच पॅसिफिक किनाऱ्यावर माशांच्या कारखान्यांत सामन साफ करणारे चिनी कारागीर होते. १९०३ च्या सुमारास सिॲटलच्या एडमंड स्मिथने ते काम करणारे यंत्र काढले, आणि त्याला नाव दिले 'लोखंडी' आणि पुढे चिनी माणसाची शिवी. हे तर अधिकृत व्यापारी नाव होते. ज्याची रोजी हिरावली त्याच्याच नावाची शिवी यंत्रावर. आपल्याकडे जातिवाचक शिवी दिली तर १९८९ च्या कायद्याने गुन्हा होतो. त्या कायद्याला 'अतिरेकी' म्हणणाऱ्यांनी शब्द किती काळ टिकतात ते इथे पाहावे.

पण मग यंत्रच वाईट का? अजिबात नाही, आणि इथे गांधीवादी मंडळींशी आपले जुने भांडण आहे. १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाचा समाचार घेताना यंत्राची बाजू घेतली. यंत्र माणसाला पशूच्या कष्टांतून सोडवते, फुरसत देते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नाही, त्याची मालकी आणि फळे मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. ओंडका फिरवताना चिरडला जाणारा मजूर त्या दातेरी दांड्याने वाचला, हे खरेच आहे.

उलट, माणूस फार स्वस्त असला की यंत्राचा फायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी कायद्याने गेली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी राहिली. क्षुल्लक आरोपांवर काळ्या माणसांना पकडायचे आणि लाकूड व टर्पेंटाइनच्या छावण्यांना भाड्याने द्यायचे, असा धंदा सरकारेच करत. फ्लोरिडात १९२२ साली मार्टिन टॅबर्ट हा तरुण अशा छावणीत चाबकाच्या माराने मेला. विनातिकीट रेल्वेप्रवास हा त्याचा गुन्हा. तो गोरा होता, म्हणून देशभर गहजब झाला आणि १९२३ साली फ्लोरिडाने ही प्रथा बंद केली. त्याआधी मेलेल्या काळ्या कैद्यांसाठी कायदा हलला नव्हता.

आणि या व्यवस्थेला भीती कशाची वाटत होती, तेही पाहा. लुइझियानातील बोगालुसा येथे जगातील सर्वांत मोठी म्हणवली जाणारी करवत गिरणी होती. तिथे काळे आणि गोरे कामगार संघटित होऊ लागले. २२ नोव्हेंबर १९१९ रोजी काळ्या कामगारांचा नेता सोल डेकस याच्या संरक्षणासाठी गोरे कामगार बंदुका घेऊन त्याच्यासोबत भर रस्त्याने चालले. कंपनीच्या बाजूच्या टोळीने गोळीबार केला, चार गोरे कामगार मारले गेले. डेकस निसटला. इंजिने, रूळ, करवती सगळे कंपनीचे होते. तिला धोका वाटला तो एकत्र चाललेल्या माणसांचा.

आपल्याकडे मैला उपसण्याची यंत्रे आहेत. केरळात २०१८ पासून गटारात उतरणारा रोबोही आहे. १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे, सर्वोच्च न्यायालयाचे २०१४ आणि २०२३ चे निकाल आहेत. तरी माणसे उतरवली जातात, आणि ती कोणत्या समाजाची हे सांगावे लागत नाही. ज्या माणसाचा जीव जातीने आधीच स्वस्त करून ठेवला आहे, त्याच्यासाठी यंत्र विकत घ्यायची घाई कुणाला नसते. आणि यंत्र घेतले तरी दुसरा प्रश्न उरतोच: त्याच्या चालकाच्या जागेवर कोण बसतो, पगार किती, कायम नोकरी की कंत्राट? गटारात उतरणाऱ्याच्या मुलाला ती जागा मिळते, की ती येताच 'कुशल' होऊन दुसऱ्याच आडनावाकडे जाते? आपल्या नगरपालिकेने गेल्या पाच वर्षांत किती यंत्रे घेतली, ती किती दिवस चालली आणि ती चालवणारे कोण आहेत, एवढे तीन प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात लिहा. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.